तुळशीखाली उरलेली मूठ

मित्रांनो, मी मातीची एक जुनी मूठ आहे. मूठभर म्हटले की तुम्ही हसणार, हे मला माहीत आहे. खुशाल हसा. पण माझ्यात जितके जीव राहतात तितकी माणसे अलिबाग तालुक्यातच काय, अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात नाहीत. मी स्वतःला 'मी' म्हणते ते बोलायच्या सोयीसाठी. खरे तर मी एक गाव आहे, आणि गावात असतात तसे माझ्यातही बलुतेदार आहेत. कोणी गळलेली पाने कुजवतो. कोणी पांढरे बारीक धागे विणत झाडांच्या मुळांपर्यंत पाणी पोचवतो. कोणी दगडावर बसून त्याला इतके हळूहळू विरघळवतो की दगडालाही पत्ता लागत नाही. तुमचे शाळामास्तर या सगळ्यांना जंतू म्हणतील आणि हात धुवायला सांगतील. हात जरूर धुवा, मला राग नाही.

माझा जन्म समुद्राच्या कृपेने झाला. फार पूर्वी आमच्या किनाऱ्यावर शिंपल्यांचा खच पडला. वाळू, शिंपले आणि शंख एकमेकांना चिकटून त्यांचा दगड झाला. त्या चुनखडीला आमच्याकडे करळ म्हणतात. पुढे समुद्र मागे सरला आणि करळीचा उंचवटा उघडा पडला. पाखरांनी बिया टाकल्या, त्यातून करंज, उंडी आणि रानवेली उगवल्या. त्यांची पाने खाली पडली, ती आमच्यातल्या खादाडांनी खाल्ली, आणि वर्षानुवर्षांच्या त्या जेवणावळीतून मी झाले. कोकणात बाकी सगळीकडे जांभ्याची तांबडी माती. मी मात्र काळी आणि चुन्यात वाढलेली. तांबड्या मातीतले जीव माझ्या चुन्यात आणून टाकले तर दोन दिवसांत माना टाकतात. आम्हाला त्याचे काही वाटत नाही, कारण आम्ही चुन्याचेच दूध प्यालेले आहोत.

माझ्या गावातल्या एका बलुतेदाराची ओळख तुम्हाला नीट करून द्यायला हवी. त्याला मी गाठकरी म्हणते. हा करंजाच्या, रानघेवड्याच्या, वालाच्या मुळाशी जातो, तिथे एक बारीक गाठ बांधतो आणि तिच्यात बिऱ्हाड करतो. हवेतले खत ओढून तो झाडाला देतो, आणि झाड त्याला पानात केलेली साखर देते. दोघांचेही भागते. वालाला गाठकरी भेटला नाही तर शेण कितीही घाला, वाल पिवळाच राहतो. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवा, म्हणजे पुढे सोनाबाईवर काय वेळ आली ते कळेल.

आमच्या रानाला गावात काळकाईची राई म्हणत. राईतून काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही, असा गावाचा नेम. लाकूडच काय, कोणाच्या ओल्या पायाला पान चिकटले तरी तो राईच्या कडेला उभा राहून ते पान सोडवी आणि आत टाकून मग घरी जाई. बाळाजी गुरव देवीची पूजा करी. तो राईत पाय ठेवतानाही असा ठेवी की जणू खाली कोणी झोपले आहे. त्या म्हाताऱ्याला आम्ही दिसत नव्हतो, पण आमचा मान राखणारा तेवढा एकच माणूस मी पाहिला.

तरीही आमच्यावर घाला आलाच. गावच्या खोताने, म्हणजे ज्याच्या ताब्यात गावची जमीन असे त्याने, राईची उत्तरेकडची बाजू तोडली आणि तिथे चुनभट्टी घातली. करळ खणायची, लाकडावर भाजायची आणि चुना गलबतात भरून पाठवायचा. ती जमीन माझी सख्खी बहीण होती. पंधरा वर्षे तिच्या अंगावर आग जळत राहिली. मग मुंबईत सिमेंटाची पोती आली, चुन्याला कोणी विचारीना, आणि भट्टी बंद पडली. मागे उरली पांढुरकी, राखेने भरलेली, मेलेली जमीन. तिच्यावर गवतही उगवत नसे. रोज शेजारी पडून तिच्याकडे बघायचे आणि काही करता यायचे नाही, हे दुःख मी फार वर्षे सोसले.

१९२६ साली खाडीचा बांध फुटला. सोनाबाई आणि तिचा नवरा गुणाजी जे भातशेत कसत होते ते खारे होऊन गेले. गुणाजी मांडव्याहून बोट धरून मुंबईला गेला आणि गिरणीत लागला. मागे सोनाबाई आणि तिची नणंद बायजा, अशा दोघीच राहिल्या. आमच्याकडे जो खोताची जमीन कसतो त्यालाच खोताच्या जागेत घर ठेवता येते. शेत गेले की घरही जाणार. सोनाबाई तात्या खोताच्या पडवीपुढे जाऊन उभी राहिली.

"तात्या, मला जमीन द्या कसायला."

"चांगली जमीन सगळी वाटून दिली आहे," तात्या म्हणाला. "भट्टीची जागा आहे. घेतेस?"

पडवीत बसलेले लोक हसले. सोनाबाई हसली नाही. "घेते," ती म्हणाली.

तात्या खोत दुष्ट नव्हता, पण त्याला आपल्या शब्दाचा फार डौल होता. त्याने चारचौघांत सांगितले, "तीन वर्षे देतो. तिसऱ्या होळीला त्या जागेत वालाचे पीक उभे दिसले, तर जमीन तुझ्याकडे कायम. नाही दिसले, तर घर आवरायचे आणि नवऱ्याकडे मुंबईला जायचे."

पहिल्या कार्तिकात तिने जमीन उकरली, राख वेचली, पाट्याच्या पाट्या शेण ओतले आणि वाल पेरले. आमच्याकडचे वाल कसे असतात हे तुम्हाला सांगायला नको. थंडीत मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा भरून, भोवती जाळ करून पोपटी लावली की वास खाडीपलीकडे जातो. पण सोनाबाईचे वाल वीतभर वाढले, पिवळे पडले आणि बसले. शेजारचा भिकू येऊन सांगे, "वैनी, चुन्यात काय पिकतंय? मुंबैला जा. थितं नळाला पानी येतं." त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. तिच्या जमिनीत आमच्यातले कोणीच उरले नव्हते.

दुसऱ्या वर्षी सोनाबाईच्या मनात वेगळेच आले. भट्टीच्या बांधावर उभे राहिले की एका हाताला तिची पांढरी जमीन आणि दुसऱ्या हाताला राई. खाली दगड एकच. मग इथे मरण आणि तिथे एवढी हिरवळ का? तिने ओळखले की फरक मातीत आहे. कुठल्या शाळेत न गेलेल्या त्या बाईने हे नुसते बघून ओळखले, आणि त्या दिवसापासून ती मला आवडू लागली.

पण राईतून काडी न्यायची बंदी, तिथे माती कशी न्यावी? ती बाळाजी गुरवाकडे गेली. त्याने देवीला कौल लावला. म्हणजे देवीच्या ओल्या पाषाणावर डाव्या-उजव्या बाजूंना तगरीची दोन फुले चिकटवली आणि गाऱ्हाणे घातले. उजवे फूल आधी पडले तर देवीची परवानगी, डावे पडले तर नकार. दोघे बराच वेळ हात जोडून बसले. उजवे फूल पडले.

"एक पाटी ने," बाळाजी म्हणाला. "देवीची माती हाय. उंबऱ्यात ठेवू नको, पायाखाली घेऊ नको."

अशा रीतीने मी राईतून निघाले. पाटीभर मातीत मीही होते. घरी येताच सोनाबाईने पाटीतली पहिली मूठ प्रसाद म्हणून अंगणातल्या तुळशीच्या मुळाशी घातली. ती मूठ म्हणजे मी. बाकीची पाटी शेतात गेली. माझे सगेसोयरे, हजार वर्षांचे अनुभवी गाठकरी, माझ्या मेलेल्या बहिणीला उठवायला निघाले होते. मी तुळशीखालून त्यांना निरोप दिला. आता कसली काळजी, असे मला वाटले.

आणि सोनाबाईने त्यांना भाजले.

तुम्ही तिला नावे ठेवू नका. आमच्याकडे भाताचे बी पेरण्याआधी वाफ्यावर शेण, झाडांच्या तोडलेल्या फांद्या, पाला आणि पेंढा पसरून पेटवतात. त्याला राब भाजणे म्हणतात. तिच्या आजोबाने तेच केले, बापाने तेच केले, आणि जमीन भाजली की ती जागी होते हे तिने आईच्या तोंडून ऐकले होते. भाताला ते चालते. पण देवीची एवढी मोलाची माती हाती आल्यावर तिने ती शेतात पसरली, आणि काही कमी पडू नये म्हणून भाताला करतात त्याच्या दुप्पट राब वालासाठी केला. धूर अंगणापर्यंत आला. दोन दिवसांत सगळे संपले. करायला गेली एक आणि झाले भलतेच.

मला तिचा राग आला. खोटे कशाला बोलू? माझी अख्खी पाटी तिने जाळली होती. पण नंतर पौषात वाल पुन्हा पिवळे पडले आणि सोनाबाई बांधावर बसून रडली, तेव्हा माझा राग गेला. गावात लोक म्हणू लागले की देवीची माती बाहेर काढली म्हणून देवी कोपली. गुणाजीचे पत्र आले. मास्तरांनी वाचून दाखवले. त्यात लिहिले होते की खोली बघून ठेवली आहे, पुढच्या शिमग्याला घर आवरू.

इकडे अंगणात काय चालले होते ते ऐका. बायजा आठवड्याला बिरड्यासाठी वाल भिजवी, मोड आणी, सोली, आणि साली-पाणी तुळशीत टाकी. त्यात एकदा एक सबंध वाल आला. तो माझ्या कुशीत रुजला. माझे गाठकरी धावलेच. महिन्याभरात तो वेल तुळशीला विळखा घालून वर चढला आणि असा हिरवागार झाला की तुळस बिचारी झाकून गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी गत. सोनाबाई रोज माझ्यावर पाणी घालून, पिवळे वाल बघायला शेतात जात होती.

शेवटी तुळस गुदमरते म्हणून बायजाने तो वेल उपटला. मुळे बघून तिने नाक मुरडले.

"वैनी, याला कीड लागलीय. मुळाला गाठी हायत बघ."

सोनाबाईने वेल हातात घेतला. ती तशीच उठून शेतात गेली, तिथला एक पिवळा वाल उपटून आणला आणि दोन्ही मुळे शेजारी शेजारी ठेवली. पिवळ्याच्या मुळाला एकही गाठ नव्हती. तिने हिरव्याची एक गाठ नखाने दाबली. आत लालसर रंग होता.

"कीड याला न्हाय," ती हळूच म्हणाली. "गाठ हाय तो जगला. न्हाय तो मेला."

"मंग ती देवीची माती शेतात बी घातलीस की."

"घातली. आन भाजली." सोनाबाईने तुळशीकडे बघितले. मग म्हणाली, "बायजा, भाजलेला वाल रुजतो काय गं?"

"न्हाय."

"मंग भाजलेली माती कशी रुजल?"

मित्रांनो, त्यानंतर मी पुष्कळ शहाणी माणसे पाहिली. अलिबागहून शेतकी खात्याचे साहेबही एकदा येऊन गेले. पण इतके सरळ बोलणे मी पुन्हा ऐकले नाही. माती जिवंत असते, हे त्या बाईला त्या क्षणी कळले होते.

तिसऱ्या कार्तिकात ती पुन्हा बाळाजीकडे गेली. त्याने कौल लावला. डावे फूल पडले. पुन्हा गाऱ्हाणे घातले, पुन्हा डावेच पडले. बाळाजीलाही वाईट वाटले, पण तो म्हणाला, "एकदा दिलं, बाय. आता न्हाय म्हनते." सोनाबाईने वाद घातला नाही. तिसरी होळी चार महिन्यांवर आली होती, आणि साऱ्या जगात तिच्याजवळ चालेल अशी माती आता एकच होती. तुळशीखालची मूठ. मी.

माझी छाती भरून आली. मातीला छाती नसते हे ठाऊक आहे, पण आली.

तिने तुळशीला नमस्कार केला आणि मला अलगद उकरून काढले. सुपात वालाचे बियाणे घेतले, मला पाण्यात कालवले आणि एकेक दाणा माझ्यात घोळला, पोरांना उटणे लावतात तसा. उन्हात न वाळवता सावलीत ठेवला आणि ढगाळ दिवस बघून पेरला. या वेळी राब नाही, राख नाही, काही नाही.

भिकू बांधावर येऊन उभा राहिला. "राब न करता पेरतेस? मंग झालंच म्हनायचं."

"भाजून बघितलं, भावजी," ती म्हणाली. "आता न भाजता बघते."

आता सगळे माझ्यावर होते. मूठभर मी आणि एवढी मोठी मेलेली बहीण. एकेका दाण्याला माझ्यातले जे काही आले तेवढ्यावर निभवायचे होते. पण आम्ही कमी म्हणून घाबरणारे नव्हतो. गाव करी ते राव न करी, आणि मी तर सबंध गाव बरोबर घेऊन चालले होते. अंकुर फुटले. मुळे खाली आली. त्यांनी हाक मारली आणि गाठकरी कामाला लागले. धागे विणणारे इकडून तिकडे फिरले, राखेतून वाट काढत एका मुळाकडून दुसऱ्याकडे गेले. चुना पुष्कळ होता, तो आम्हाला घरचाच.

वर मात्र काही दिसेना. वीस दिवसांनी वाल पुन्हा पिवळसर दिसू लागले. सोनाबाईचे जेवण उडाले. गाठकऱ्यांना बिऱ्हाड मांडायला थोडे दिवस लागतात, पण हे तिला कोण सांगणार? मला तोंड असते तर मी ओरडून सांगितले असते. एका सकाळी तिने धीर करून एक रोप उपटले. मुळाला मोहरीएवढ्या गाठी होत्या. तिने ते रोप पुन्हा त्याच खड्ड्यात लावले, हाताने माती दाबली आणि घरी जाऊन पोटभर भाकरी खाल्ली.

पुढच्या पंधरवड्यात शेत हिरवे झाले. असे हिरवे की राईची कड कुठे संपते आणि शेत कुठे सुरू होते ते लांबून कळेना. फुले आली, शेंगा लगडल्या. माझी बहीण उठून बसली होती. तिच्या अंगात पुन्हा हालचाल होती, वास होता, आणि मी आता मूठ राहिले नव्हते. मी शेतभर झाले होते.

होळीच्या आदल्या दिवशी तात्या खोत चार माणसे घेऊन आला. गुणाजीही सामान बांधायच्या तयारीने मुंबईहून आला होता, तो बांधावर तोंड उघडे टाकून उभा होता. तात्या शेतात उतरला. त्याने एक शेंग तोडली, सोलली, दाणा दातांखाली धरला. मग म्हणाला, "जमीन तुझी. शब्द दिला होता."

सोनाबाईने पदर तोंडाला लावला. बायजाच सगळ्यांसमोर मोठ्याने रडली. गुणाजी त्या वर्षी मुंबईला एकटाच परतला, आणि पुढच्या पावसाळ्याआधी गिरणी सोडून आला.

पण तात्या अजून गेला नव्हता. तो खाली वाकून माती चिमटीत चोळत होता. "ही राईतली माती ना? माझ्या वाडीखालचीही जमीन अशीच चुनकट आहे. उद्या दोन गाड्या लावतो राईत."

बाळाजी गुरवाचा चेहरा पडला. कौल लावून तात्याला अडवणार कोण? दोन गाड्या म्हणजे राईची कातडी सोलून काढणे. तेव्हा सोनाबाई पुढे आली. तीन वर्षांपूर्वी याच माणसाच्या पडवीपुढे ती जमीन मागत उभी होती.

"गाड्या नको तात्या," ती म्हणाली. "राई खनलीत तं थितली मरंल, आन तुमच्याकडं जगंल याचा नेम न्हाय. ही मूठभरच लागते, मंग आपली आपन वाढते. राईत कशाला जाता? माज्या शेतातली घ्या."

खोत कुळाच्या दारात काही मागायला आला, असे आमच्या गावात कधी झाले नव्हते. तात्याने खांद्यावरचे उपरणे काढले आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे पसरले. सोनाबाई वाकली, वालाच्या मुळापासून मला मूठभर उचलले आणि त्या पांढऱ्या उपरण्यात ठेवले.

"सावलीतनं न्या," ती म्हणाली. "आन तात्या, भाजू नका."

त्याला आता आठ वर्षे झाली. पलीकडच्या दोन गावांतून बाया येतात, पदरात मूठभर माती नेतात, आणि सोनाबाई प्रत्येकीला तेच सांगते. राईतून अजूनही काडी बाहेर जात नाही. लोक देवीचे गुण गातात, सोनाबाईच्या हाताचे गुण गातात, आमचे नाव कोणी घेत नाही. चालायचेच. पण मित्रांनो, तुम्ही कुठेही जमिनीवर आग लावायला वाकलात, किंवा कोणी डोंगरच्या डोंगर गाडीत भरू लागला, तर आधी तिथली मूठभर माती उचलून हातावर घ्या. तिचा वास घ्या. तिच्यात कोणी राहत असेल, आणि एकदा ते गेले की हाका मारून परत येत नाहीत. माझी बहीण उठली ती एक मूठ उरली होती म्हणून. तेवढी तरी नेहमी उरू द्या.